‘कुटुंब’ नावाचा रकाना : २०१७ च्या कर्जमाफीत रिक्वायरमेंट कुठून आल्या?

२०१७ च्या ऑगस्टमध्ये मी माजलगावला घरी होतो. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, कर्जमाफीचा ऑनलाइन अर्ज भरायचा म्हणून मला मोंढ्याजवळच्या एका केंद्रावर घेऊन गेले. आधार, सातबारा, पासबुक, मोबाइल, सगळं बरोबर होतं. आमचा नंबर आल्यावर केंद्रातल्या मुलाने विचारलं, “काकू कुठायत? त्यांचा पण अंगठा लागतो.”

तात्या म्हणाले, “तिला कामून आणायची? कर्ज तर माझ्या नावावर हाये.”

त्या मुलाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकू खुरपणीचं काम टाकून आल्या, पण त्या दिवशी नंबरच लागला नाही. तिसऱ्या चकरेत अर्ज भरला गेला.

आज मी पीएचडी करतोय ती नेमकी याच विषयात : एखाद्या संस्थेचं उद्दिष्ट सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंटमध्ये कसं उतरतं, आणि उतरताना त्याचं काय होतं. ‘पेट’ची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात की या विषयाला आपल्याकडचं एखादं उदाहरण आहे का. पुस्तकांत एटीएम असतं, ग्रंथालय असतं, फार तर १९९२ ची लंडनच्या अॅम्ब्युलन्सची फसलेली प्रणाली असते. आपल्याकडचं उदाहरण मला त्या रांगेत भेटलं होतं, फक्त ते ओळखायला चार-पाच वर्षं गेली.

खाजगी कंपनीचं उदाहरण का घेत नाही, तेही सांगतो. कंपनीचे कागद बाहेर येत नाहीत. शासनाचं उद्दिष्ट मात्र शासन निर्णयात लिहिलेलं असतं, त्याला तारीख असते, आणि बदललं की पूरकपत्र निघतं. सॉफ्टवेअरच्या भाषेत ज्याला चेंज रिक्वेस्ट म्हणतात, ती इथे सही-शिक्क्यासकट जाहीर होते. संशोधकाला याहून काय हवं?

आधी थोडी पारिभाषिक तयारी. १९७६ मध्ये बेल आणि थेअर या दोघांनी प्रकल्पांमधल्या रिक्वायरमेंटच्या चुका तपासल्या आणि रिक्वायरमेंट आपोआप उगवत नाहीत, त्या घडवाव्या लागतात, असा निष्कर्ष काढला. पुढे नव्वदच्या दशकात अॅक्सेल व्हान लॅम्सवीर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उद्दिष्टापासून सुरुवात करायची पद्धत मांडली. ‘कसं?’ असं विचारत उद्दिष्टाकडून खाली उतरायचं, ‘का?’ असं विचारत परत वर चढायचं. त्याच काळात मायकेल जॅक्सन (गायक नव्हे, ब्रिटिश संगणकतज्ज्ञ, वर्गात दरवेळी सांगावं लागतं) यांनी एक साधा भेद ठसवला. उद्दिष्ट बाहेरच्या जगात असतं, मशीनला मात्र त्या जगाचा फक्त तिच्यापर्यंत पोचणारा तुकडा दिसतो. मधली दरी आपण गृहीतकांनी भरतो. गृहीतक चुकलं, तर कोड अगदी बरोबर असूनही उद्दिष्ट फसतं.

आता कर्जमाफीकडे येऊ. सुरुवात २०१७ पासून केली तर अर्धी गोष्ट सुटते. ती २००८ पासून करावी लागते.

२९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने देशव्यापी कर्जमाफी जाहीर केली. २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याचं पात्र थकीत कर्ज पूर्ण माफ, त्याहून मोठ्या शेतकऱ्याला ७५ टक्के भरल्यास २५ टक्के सूट. शेतकऱ्याने अर्ज करायचा नव्हता. बँकेने आपल्या वह्या बघून यादी करायची, फलकावर लावायची, वर पाठवायची. म्हणजे या योजनेत विश्वास ठेवला होता बँकेच्या नोंदीवर.

कॅगचा अहवाल २०१३ मध्ये संसदेत आला. तपासलेल्या ९०,५७६ लाभार्थी खात्यांपैकी २२.३२ टक्के खात्यांत काही ना काही चूक निघाली. दुसऱ्या बाजूने, नऊ राज्यांत लाभ न मिळालेली ९,३३४ खाती तपासली, तर त्यातली १,२५७ पात्र असूनही यादीत घेतलेलीच नव्हती. नको ते आत आणि हवे ते बाहेर, अशा दोन्ही चुका. दोन्हींना वेगळे उपाय लागतात, आणि एकीचा उपाय बहुतेक वेळा दुसरीला वाढवतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१ जून २०१७ ला महाराष्ट्रात शेतकरी संप सुरू झाला. २४ जूनला राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली : ३४,०२२ कोटी रुपये, ८९ लाख शेतकरी. शासन निर्णय २८ जूनचा. संपापासून निर्णयापर्यंत चार आठवडे लागले, आणि २४ जुलैला अर्ज सुरू झाले. एवढ्या आकाराच्या प्रणालीची रिक्वायरमेंट ठरवायला मिळालेला वेळ हा.

उद्दिष्ट एका ओळीत सांगता येत होतं : थकबाकीदार शेतकरी कर्जमुक्त व्हावा. यातला प्रत्येक शब्द मशीनसाठी प्रश्न होता. ‘कर्जमाफी’ हा एक शब्द धरा. त्यात तीन वेगळे हिशेब होते. थकबाकी दीड लाखापर्यंत असेल तर ती पूर्ण माफ. त्याहून जास्त असेल तर एकवेळ समझोता, म्हणजे शेतकऱ्याने वरची रक्कम आधी भरायची आणि मग शासन दीड लाख देणार. आणि जो नियमित फेडत आला त्याला प्रोत्साहनपर लाभ, परतफेडीच्या २५ टक्के किंवा २५,००० रुपये यातलं जे कमी ते. पहिल्या हिशेबाला फक्त थकबाकीचा आकडा पुरतो. दुसऱ्याला शेतकऱ्याने पैसे भरले की नाही याची खबर बँकेकडून पुन्हा यावी लागते. तिसऱ्याला मागच्या वर्षांची परतफेड लागते. घोषणेत एक शब्द, प्रणालीत तीन.

तारखांचंही तसंच. सुरुवातीच्या निर्णयात १ एप्रिल २०१२ नंतरची कर्जं होती. काही दिवसांतच ती मर्यादा मागे नेऊन १ एप्रिल २००९ केली. राजकीय दृष्टीने हा एका वाक्याचा बदल. पण जिल्हा बँकेच्या खाली गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्या असतात, आणि त्यांच्या नोंदी गटसचिवाच्या कीर्द-खतावणीत असतात. अनेक ठिकाणी त्या कागदावरच होत्या. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना मंजूर झाली २०२२ च्या जूनमध्ये : ६३,००० संस्था, २,५१६ कोटी रुपये. म्हणजे २०१७ ला जी माहिती ‘बँकांकडून घ्यायची’ असं ठरलं, तिचा मोठा भाग पाच वर्षांनंतरही संगणकात आणायचा बाकी होता. आता त्या वहीत तीन वर्षं आणखी मागे जायचं.

पण माझ्या अभ्यासाचा गाभा ‘कुटुंब’ हा शब्द आहे, त्यामुळे तिथे जरा थांबतो.

शासन निर्णयात लाभाचा घटक कुटुंब होता : पती, पत्नी आणि १८ वर्षांखालील मुलं. सगळ्यांचं मिळून दीड लाख. कारण समजण्यासारखं आहे. एकाच घरात नवऱ्याच्या नावावर एक, बायकोच्या नावावर एक अशी दोन-तीन खाती असतात, आणि २००८ च्या अनुभवानंतर दुहेरी लाभ टाळायचा होता. शिवाय सरकारी नोकर, आयकर भरणारे, १५,००० पेक्षा जास्त निवृत्तिवेतन घेणारे, आमदार-खासदार वगैरेंना वगळायचं होतं. उद्दिष्टात काही चूक नाही.

आता ‘कसं?’ विचारत खाली उतरू. कुटुंबाचं एकूण कर्ज काढायचं तर कोण कुणाचा नवरा, कोण कुणाची बायको हे मशीनला कळायला हवं. ही माहिती कुठे आहे? सातबाऱ्यावर खातेदाराचं नाव आहे, बायकोचं नाही. बँकेत खातं आहे, कुटुंब नाही. आधार एका माणसाचं. रेशन कार्डावर कुटुंब आहे, पण ते एका चुलीचं. त्यात म्हातारे आईवडील असतात, दोन भाऊ असतात, लग्न झालेला मुलगा असतो. शासन निर्णयातलं ‘कुटुंब’ राज्यातल्या कुठल्याच नोंदवहीत त्या स्वरूपात नव्हतं, ते नव्याने तयार करावं लागणार होतं.

ते कोण तयार करणार? फक्त स्वतः शेतकरी सांगू शकतो. म्हणून अर्ज. अर्जात खोटं लिहिलं जाऊ नये म्हणून आधार. दुसऱ्याच्या आधारवर अर्ज होऊ नये म्हणून अंगठा. जोडीदाराचीही ओळख पटायला हवी म्हणून दोघांचा अंगठा. अंगठ्याचं यंत्र घरी नसतं म्हणून केंद्र. आणि केंद्रं मोजकी, मुदत थोडी, म्हणून रांग. (१५ सप्टेंबरची मुदत पुढे २२ सप्टेंबर केली गेली.)

काकूंना खुरपणी सोडून का यावं लागलं याचं उत्तर असं सहा पायऱ्या वर चढल्यावर मिळतं. यातली एकही पायरी वेडगळ नाही. प्रत्येक पायरीवर बसलेल्या माणसाने आपल्या पुढचा प्रश्न नीट सोडवला आहे. पण सुरुवातीचं उद्दिष्ट होतं शेतकऱ्याचा भार हलका करण्याचं, आणि सहाव्या पायरीवर सिद्ध करण्याचा भार त्याच्याच अंगावर येऊन पडला. २००८ मध्ये पात्रता बँकेने दाखवायची होती. २०१७ मध्ये ती शेतकऱ्याने दाखवायची झाली. नको तो आत येऊ नये यासाठी दार अरुंद केलं, की हवा तोही बाहेर अडकतो. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते हेच.

अर्ज ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला बँकांनी ६६ रकान्यांत माहिती भरून द्यायची होती. मग मशीन दोन्ही बाजू जुळवणार. आलेल्या अर्जांची संख्या ५६ लाखांवर गेली. जुळवणीत गृहीतक असं की एक माणूस, एक आधार, एक नाव. आता प्रत्यक्ष बघा. सातबाऱ्यावर ‘ज्ञानोबा’, आधारवर ‘ज्ञानेश्वर’. बाईचं खातं माहेरच्या नावाने काढलेलं, आधार सासरच्या नावाचं. जमीन सामाईक, कर्ज एकाच भावाच्या नावावर. वडील वारलेले, खातं अजून त्यांच्याच नावावर, वारस नोंद व्हायची राहिलेली. माजलगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावात पारावर बसा, यातली चारही उदाहरणं तासाभरात भेटतील. विश्लेषकाने एक दिवस गावात काढला असता तर... असं लिहायचा मोह होतो, पण ते सोपं विधान आहे. ही उदाहरणं मंत्रालयात कुणाला माहीतच नव्हती असं मला वाटत नाही. माहीत असणं आणि रिक्वायरमेंटच्या कागदावर असणं यात फरक आहे.

आणि सक्तीचा रकाना रिकामा ठेवता येत नसेल तर माणसं तो काहीतरी घालून भरतात. डेटा एंट्री केलेल्या कुणालाही विचारा. १८ ऑक्टोबर २०१७ ला, ऐन दिवाळीत, मुख्यमंत्र्यांच्या हस्ते प्रमाणपत्रं वाटली गेली, आणि त्यानंतरच्या दिवसांत घोळ बाहेर आला. एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे दिसू लागला. बँकांची माहिती आणि अर्ज जुळेनात. मग ‘ग्रीन लिस्ट’ हा शब्द गावोगाव पोचला. माहिती जुळलेले हिरव्या यादीत, बाकीच्यांची पडताळणी तालुकास्तरीय समितीकडे. म्हणजे मशीनने जे टाळायचं होतं ते काम, माणसाने कागद बघून ठरवण्याचं, शेवटी तालुक्याला परत आलं.

व्हान लॅम्सवीर्ड आणि लेटिए यांचा २००० सालचा एक लेख आहे, अडथळ्यांच्या विश्लेषणावर. उद्दिष्ट लिहून झालं की ते कशाने फसेल हे पद्धतशीर विचारायचं, आणि त्या उत्तरातून नव्या रिक्वायरमेंट काढायच्या. वारस नोंद राहिलेली असेल तर? नाव जुळलं नाही तर? आधार नसेल तर? तालुकास्तरीय समिती ही याच प्रश्नांची उत्तरं होती. ती पहिल्या दिवसापासून प्रणालीचा भाग म्हणून आखली असती, तर ‘घोळ’ असं नाव पडण्याऐवजी त्याला ‘पडताळणीचा टप्पा’ म्हटलं गेलं असतं. हे माझं मत आहे, तुम्ही वाद घालू शकता.

इथे थोडं विषयांतर. ‘शेतकरी’ कोण, हा प्रश्न काही संगणकाने आणलेला नाही. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये इंग्रज सरकारने शेतकऱ्यांना सावकारी कर्जापासून दिलासा देणारा कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांपुरता होता. आपला बीड भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे बाहेर. त्या कायद्यातही शेतकऱ्याची व्याख्या करावी लागली आणि पुढे दुरुस्त करावी लागली. त्यातही शेतकऱ्याने करून दिलेला दस्तऐवज ग्राम-निबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे, अशी तरतूद होती. दिलासा द्यायचा तर आधी ओळख पटवायची, आणि ओळख पटवायची तर शेतकऱ्याने कुठेतरी जायचं. थीसिसमध्ये ही तुलना घालू का, असं मी मार्गदर्शकांना विचारलं. त्यांनी तळटीपेत टाकायला सांगितली. म्हणून इथे लिहितोय.

२१ डिसेंबर २०१९ ला नव्या सरकारने महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर केली. शासन निर्णय २७ डिसेंबरचा. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेलं कर्ज, ३० सप्टेंबर २०१९ ला व्याजासह २ लाखांपर्यंत थकीत असेल तर माफ. हा निर्णय २०१७ च्या शेजारी ठेवून ओळीने वाचा, हा माझा सगळ्या विद्यार्थ्यांना आग्रह आहे. अर्ज नाही. लाभाचा घटक कुटुंब नाही, वैयक्तिक शेतकरी. बँकेने यादी द्यायची, शासनाने प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक द्यायचा, यादी गावात लागायची, शेतकऱ्याने एकदा जाऊन आधारने ओळख पटवायची आणि आकडा मान्य करायचा. मान्य नसेल तर तक्रार जिल्हास्तरीय समितीकडे. विश्वासाची जागा पुन्हा बँकेच्या वहीवर गेली, पण २००८ सारखी एकटी नाही. शेवटचा शब्द शेतकऱ्याच्या अंगठ्याचा. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी लागली ती सुद्धा सरसकट नव्हती : ६८ गावं आणि १५,३५८ शेतकरी. म्हणजे आधी चाचणी. २०१७ ला हे झालं नव्हतं.

‘कुटुंब’ हा रकाना गेला, आणि त्याबरोबर सहाच्या सहा पायऱ्या बदलल्या. लिहिलेल्या कोडपेक्षा काढून टाकलेल्या एका शब्दाने जास्त काम केलं. किंमत होतीच : एका घरातल्या दोन खात्यांना वेगवेगळा लाभ मिळू शकत होता. सरकारने ती मान्य केली.

मग २०२० ची रचना निर्दोष होती का? नाही. दोन लाखांची मर्यादा व्याजासह असल्यामुळे तो आकडा शेतकऱ्याच्या हातातला नव्हता. मुद्दल दीड लाख असलेल्या दोघांपैकी जुन्या थकबाकीचा व्याजाने दोन लाखांपलीकडे जायचा आणि बाहेर पडायचा, नंतरचा आत राहायचा. शिवाय फेब्रुवारीत आमच्या बीड जिल्ह्यातली हजारो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात असतात, कोयता परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. ‘यादी गावात लागेल आणि शेतकरी जाऊन अंगठा देईल’ यातही एक गृहीतक आहे : शेतकरी गावात आहे. आणि मार्चमध्ये टाळेबंदी आली. २२ मे २०२० च्या शासन निर्णयात, लाभ द्यायचे राहिलेल्या सुमारे ११ लाख खातेदारांची रक्कम बँकांनी ‘शासनाकडून येणे’ दाखवावी आणि त्यांना खरिपाचं नवं कर्ज द्यावं, असं सांगावं लागलं. वहीतली एक नोंद बदलून उद्दिष्ट जिवंत ठेवायचा हा प्रयत्न होता. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी काहीच नवं लागलं नाही.

ज्यांना या विषयावर काम करायचंय त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. शासन निर्णय संकेतस्थळावर तारखेनुसार मिळतात; मूळ निर्णय, पूरकपत्रं, शुद्धिपत्रकं सगळी उतरवून घ्या आणि एका शब्दाचा, म्हणजे ‘कुटुंब’, ‘थकबाकी’, ‘पात्र’ अशा कुठल्याही एकाचा, प्रवास तक्त्यात मांडा. हे दोन-तीन आठवड्यांचं काम आहे आणि प्रस्तावासाठी पुरेसं आहे. त्यानंतर गटसचिवांच्या मुलाखती घ्या. त्यांना प्रणालीबद्दल विचारू नका, एखादा रकाना कसा भरला ते विचारा. माणसं आपोआप बोलतात.

तात्यांचं नाव २०२० च्या यादीत होतं. ते एकटेच जाऊन अंगठा देऊन आले, अर्ध्या तासात. घरी आल्यावर काकूंनी विचारलं, “मंग मला तवा कामून नेलं व्हतं?” मी सहा पायऱ्या समजावून सांगायला लागलो. तिसऱ्या पायरीवर त्या उठून चहा ठेवायला गेल्या.